कळवणाऱ्याचं नाव

१२ जानेवारी, रविवार सकाळ

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कपाटावर टाकशील, असं तुझी भावजय म्हणाली. मी म्हटलं, ताई गणिताची बाई आहे, उत्तरपत्रिका कितीही वाईट असली तरी ती उघडून बघतेच. तेव्हा लाल पेन हाताशी घेऊन वाच. शुद्धलेखनाच्या चुका मोजून परत पाठवलंस तरी माझी हरकत नाही, निदान काहीतरी परत येईल.

आमच्याकडे सगळं ठीक. आम्ही दोघं आणि एक मांजर. मांजराला कुणी बोलावलं नव्हतं, ते आपलं आलं आणि खुर्ची बळकावून बसलं. माझं काम तेच, लिफ्टच्या डब्यावर बसून वर-खाली. जोडीदारही तोच. आमच्या गड्याला सगळे 'वजन' म्हणतात हे तुला आठवत असेल. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जे जड लोखंड टांगलेलं असतं त्याला आम्ही कामगार नुसतं 'वजन' म्हणतो, आणि त्याचा देह बघता दुसरं नाव सुचणं अवघड होतं. बाबांनीच ठेवलेलं नाव ते.

गेल्या आठवड्यात मावशी येऊन गेली. तुझ्याकडच्या बातम्या आता मला तिच्याकडूनच कळतात, त्यामुळे निम्म्या खऱ्या आणि निम्म्या तिखटमीठ लावलेल्या असतात. तुझी भिंगरी शाळेच्या चारशे मीटरच्या संघात निवडली गेली हे ऐकून फार बरं वाटलं. मी तिला भिंगरी म्हणायला लागलो तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि टेबलाभोवती गोल गोल पळायची. आता चौदा पूर्ण झाली ना?

मावशी असंही म्हणाली की पोरगी सरावात मैदानावर दोनदा पडली. एकदा शिट्टी वाजल्यावर सुरुवातीलाच, एकदा शेवटच्या वळणावर. उन्हानं झालं, सकाळी पोटात काही घालत नाही म्हणून झालं, असं मावशीचं मत. असेलही. मी आपलं सहज विचारतो, पडायच्या आधी तिच्या छातीत धडधडतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का? अडखळून पडणं वेगळं आणि आधी भोवळ येऊन पडणं वेगळं. एवढं तिला विचारशील का? मला कळवलं नाहीस तरी चालेल, पण विचार.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मलाही मधूनमधून तसं होतं. काही विशेष नाही. डब्याच्या टपावर बसलेलो असतो आणि एकदम छातीत कुणीतरी बटण दाबल्यासारखं सुरू होतं. इतकं भरभर, की मोजू म्हटलं तर मोजता येत नाही. डोकं हलकं होतं. पाठ भिंतीला टेकवून बसतो, साठ आकडे मोजतो, पन्नाशीपर्यंत थांबतं. माझ्या खिशातल्या डायरीत मी ते लिहून ठेवतो, बाबांनी लावलेली सवय. नोव्हेंबरपासून चार वेळा. चारही वेळा शेवटी एकच शेरा: 'आपोआप पूर्ववत.'

हसलीस ना? बाबा या शेऱ्यावर किती भडकायचे ते तुलाही ठाऊक आहे. बिघाडाच्या वहीत एखाद्या नवख्यानं 'लिफ्ट आपोआप पूर्ववत झाली' असं लिहिलं की जेवताना आपल्याला त्याचं पुराण ऐकावं लागायचं. "आपोआप बिघडत नाही आणि आपोआप दुरुस्तही होत नाही. कारण सापडेपर्यंत दाराला पाटी लावा आणि माणसं जिन्यानं चढू द्या." आणि वहीतला शेवटचा रकाना, 'कळवणाऱ्याचं नाव', रिकामा दिसला तर ते नोंदच मानायचे नाहीत. ज्यानं बघितलं त्यानं सही करायची, नाहीतर बघितलं म्हणायचं नाही.

आता ज्या गोष्टीवरून आपण बोलत नाही तिच्याबद्दल. तिच्यावर मी काही लिहिणार नव्हतो, पण ती वगळून सहा वर्षांनी पत्र लिहिणं म्हणजे तुझ्या डोळ्यांत धूळ फेकणं होईल. बाबा जिन्यावरून पडले त्या संध्याकाळी जिन्यातला बल्ब गेलेला होता. दोन दिवस गेलेला होता आणि मी बदलला नव्हता. "लोकांच्या इमारती चालवतोस आणि बापाच्या जिन्यात एक बल्ब लावता आला नाही तुला," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मी 'विसरलो' म्हटलं. त्यावर अजून काय लिहू? तेव्हापासून आपण दोन लग्नांत समोरासमोर आलो आणि दोन्ही वेळा तू खांबाआड गेलीस. दुसऱ्या वेळी खांब बारीक होता.

भिंगरीला तेवढं विचार. मामानं विचारायला सांगितलं असं म्हणू नकोस हवं तर.

उत्तराची अपेक्षा न ठेवता, पण रोज पत्रपेटी बघणारा,
तुझा धाकटा

*

३ फेब्रुवारी, सोमवार दुपार

ती. ताईस,

हे पत्र मी पलंगावर बसून, जेवणाच्या ताटाखालच्या फळीवर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर उतरणीला लागलेलं दिसेल. रुग्णालयात आहे. घाबरू नकोस, हात-पाय सगळं जागेवर आहे. छातीवर पाच वायरी चिकटवल्या आहेत आणि डोक्यामागे एक पडदा माझी रेघ काढत बसला आहे. आयुष्यभर लोकांच्या वायरी तपासल्या, आता माझ्या तपासतायत.

हे पत्र वजन स्वतः आणून देईल. तू दार लावून घेतलंस तर तो पायरीवर बसेल, आणि एकदा बसला की त्याला उठवणं किती कठीण ते तुमच्या शेजाऱ्यांनाही कळेल. म्हणून लगेच वाच. निम्मं वाचून थांबणार असशील तर आधी हे वाच: शनिवारी भिंगरीची शर्यत आहे असं मावशी म्हणाली. तिला पळू देऊ नकोस. आधी तिचा ईसीजी काढून घे. साधी पाच मिनिटांची गोष्ट आहे, दुखत नाही. काढताना डॉक्टरांना सांग की पळताना भोवळ येऊन दोनदा पडली आहे, आणि तिच्या सख्ख्या मामाला हृदयाचा अमुक आजार निघाला आहे. आजाराचं नाव इथल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती सोबत जोडली आहे. ती हरवू नकोस.

सकाळी भावोजींच्या ऑफिसात फोन केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांगतो, पण ती म्हणेल, सहा वर्षं गप्प होता आणि आता आमच्या मुलीत खोड काढतोय." बिचारे दोन्हीकडून भरडले जातात. म्हणून पत्र.

आता झालं काय ते सांगतो.

गुरुवारी सकाळी एका नऊ मजली कचेरीत काम होतं. मी डब्याच्या टपावर, वजन माझ्या शेजारी, दोघांनी कंबरेचे पट्टे अडकवलेले. सातव्या मजल्याजवळ असताना खाली कुणीतरी धोक्याची घंटा दाबली. ती घंटा माझ्या कानापासून दीड हातावर. दचकलो, आणि त्याच क्षणी छातीत सुरू झालं. यावेळी मी मोजायला लागलो ते अकराच्या पुढे आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पट्ट्यानं लोंबकळत होतो आणि वजन मला कॉलरला धरून हाका मारत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. एवढ्या मोठ्या तोंडाचं पांढरं पडणं बघवत नाही गं.

त्यानं मला सावकाश तळमजल्यावर आणून बसवलं आणि दोन मिनिटांत मला ठीक वाटायला लागलं. आणि ताई, मी काय केलं असेल? खिशातून डायरी काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि 'आपोआप' एवढा शब्द लिहिला तोच वजननं डायरी हिसकावून घेतली. म्हणाला, "हेच मी एखाद्या लिफ्टबद्दल लिहिलं असतं तर तू माझा कान पकडला असतास."

मी म्हटलं, आता बरं आहे, गाडीत बसून घरी जातो, उद्या दाखवतो डॉक्टरला. त्यानं गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "शुद्ध गेलेला माणूस गाडी चालवणार? वाटेत परत घंटा वाजली म्हणजे?" मी उठायला लागलो, तर त्यानं काय करावं? आमची ती पाटी आणली, 'लिफ्ट बंद आहे, कृपया जिन्याचा वापर करावा', आणि दोरीसकट माझ्या गळ्यात घातली. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. कचेरीतली सगळी माणसं दारात उभी आणि मी गळ्यात पाटी घालून स्ट्रेचरवर. काढ म्हटलं तर म्हणे कारण सापडेपर्यंत निघणार नाही. इथल्या नर्सनं ती काढली तेव्हा तिला हसू आवरेना.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केसांत पेन खोचून विसरतात आणि मग सगळ्यांना पेन विचारतात. माझी डायरी त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "इतकं नेटकं लिहिलंय तुम्ही. वेळ, किती टिकलं, आधी काय करत होतात, सगळं. मग दाखवलं का नाहीत?"

मी म्हटलं, थांबत होतं ना आपलं आपण.

त्या माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "जिना चढलात, घाबरलात, चहा जास्त झाला आणि छाती धडधडली, मग हळूहळू निवली, तर त्यात लगेच धावपळ करायचं कारण नसतं. वारंवार व्हायला लागलं तर मात्र वेळ ठरवून दाखवायचं. पण धडधडीबरोबर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधार आला, छातीत दुखलं, श्वास पुरेना, यातलं एकही असेल तर वेळ ठरवत बसायचं नाही. त्याच वेळी मदत बोलवायची. थांबलं तरी त्याच दिवशी यायचं. आणि शुद्ध गेली म्हटल्यावर तर विचारूच नका. तुम्ही चार वेळा चक्कर लिहिली आहे, आणि चार वेळा परत शिडी चढलात."

मग त्यांनी माझी रेघ दाखवली. समजावून सांगितलं ते मला माझ्या भाषेत कळलं. ठोका पडून गेला की हृदयाची वीज खाली बसते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. माझी ती खाली बसायला उशीर लावते. आमच्या जुन्या पॅनेलमध्ये रिलेचा खटका असाच चिकटतो; एरवी लिफ्ट सुतासारखी सरळ चालते, आणि एखाद्या दिवशी तो सुटायच्या आत दुसरा हुकूम आला की सगळं भलतंच पळायला लागतं. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, अगदी तसंच. गोळ्या सुरू केल्या आहेत. छातीत एखादं यंत्र बसवायचं का ते पुढच्या महिन्यात ठरेल. टपावर चढणं बंद, ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आणि हा आजार घराण्यात चालतो. पळताना, दचकल्यावर उफाळतो. म्हणून त्यांनी विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का? मी नाही म्हटलं. मग म्हटलं, वडील गेले, पण ते जिन्यावरून पडले. त्यांनी विचारलं, कसे पडले? मी म्हटलं, जिन्यात बल्ब नव्हता. त्यांनी पेन शोधलं आणि तसं लिहून घेतलं.

पुढचं मला आज लिहायला जमत नाही. पण भिंगरीला घेऊन जा ताई. माझ्यावरचा राग मला दे, तो मी सोसतो आहे आणि सोसेन. तिच्या ईसीजीवर तो काढू नकोस.

वजन दारात बसलाय हे लक्षात ठेव. त्याला निदान पाणी विचार.

तुझा धाकटा

*

१६ फेब्रुवारी, रविवार सकाळ

ताई,

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. आत माझंच पत्र बघून पहिल्यांदा वाटलं न वाचता परत धाडलंस. मग लाल शाई दिसली. शुद्धलेखनाच्या नऊ चुका दुरुस्त केल्यास, त्यातल्या दोन मला मान्य नाहीत. आणि 'वडील गेले, पण ते जिन्यावरून पडले' या वाक्याखाली दोन रेघा, समासात तुझ्या अक्षरात: 'उत्तर अपूर्ण. पूर्ण लिही.'

मागच्या बाजूला तीन ओळी. भिंगरीचा ईसीजी काढला, तिची रेघही माझ्यासारखीच निघाली, गोळ्या सुरू झाल्या, शर्यत रद्द, ती खोलीचं दार लावून बसली आहे. त्या तीन ओळी मी उभ्यानं वाचल्या आणि मग खुर्चीवर बसलो, मांजरासकट. शनिवारी ती पळाली असती, हे डोक्यातून जात नाही.

तर पूर्ण लिहितो. तू मला लहानपणी गणित शिकवायचीस तेव्हा मी मधल्या पायऱ्या गाळून शेवटचा आकडा लिहायचो आणि तू वही परत फेकायचीस. यावेळी एकही पायरी गाळत नाही.

बाबांना धडधड होत होती. मला माहीत होतं.

पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. एका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत आम्ही दोघं होतो. ते पान्हा हातात घेऊन उभे होते आणि एकदम खाली बसले, पाठ भिंतीला लावून, तोंडानं आकडे मोजत. त्रेचाळीसला थांबले. उठून पान्हा उचलला आणि मला म्हणाले, "काही बघितलं नाहीस तू." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, "वर्ष राहिलंय माझं. आता प्रकृतीचा दाखला अडला तर मला खालच्या खोलीत फोन घ्यायला बसवतील. आणि तुझ्या ताईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. ती मला खुर्चीला बांधून घालेल."

मी शब्द दिला. मला तेव्हा त्याचा अभिमानही वाटला होता ताई, हे आज लिहायला लाज वाटते. लहानपणापासून त्यांची सगळी गुपितं तुझ्याकडे असायची. हे एक माझ्याकडे आलं होतं.

दुसऱ्यांदा घरी, निवृत्तीनंतर. दाखल्याचं कारण तेव्हा उरलंच नव्हतं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बघ, गेलं ना आपलं आपण." ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या वहीतला तो शब्द खोडला, तोच मला तो शब्द सांगत होता, आणि मी मान डोलावली. मी विसरलो नव्हतो, मला समजत नव्हतं असंही नाही. बापाच्या गळ्यात पाटी घालायची माझी छाती झाली नाही. वजन मला परका, त्यानं माझ्या गळ्यात घातली. मी पोटचा पोरगा असून घातली नाही.

तिसऱ्यांदा जिन्यात.

बल्ब गेला होता हे खरं. पण ताई, तो माणूस चाळीस वर्षं अंधाऱ्या शाफ्टमध्ये चढला-उतरला, त्याला घरच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या बघायला बल्ब लागत होता? मी दार उघडून वरच्या पायरीवर उभा होतो, घरातला उजेड जिन्यावर पडला होता. ते वळणापर्यंत आले, थांबले, कठडा धरला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "थांब जरा." मग मोजायला लागले. मी ऐकलं. एक, दोन, तीन, चार. पाच म्हणाले नाहीत. हात सुटला आणि ते मागे गेले. पाय घसरला नाही त्यांचा. ते पडायच्या आधीच शुद्ध हरपली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तासाभरानं तू आलीस, जिन्यात उभी राहून वर बघितलंस आणि बल्बचं बोललीस. मी तोंड उघडणार होतो. पण खरं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कधीपासून माहीत होतं? त्याचं उत्तर होतं, दोन वर्षांपासून. बल्बचा दोष त्यापेक्षा फार हलका होता. तो मी उचलला आणि सहा वर्षं वागवला. तू मला बोलली नाहीस, तोंड फिरवलंस, ते मी सोसलं म्हणून मागच्या पत्रात मोठेपणा मिरवला. त्यात सोसणं कसलं! मी त्याच्याआड लपलो होतो. आणि आपण दोघं इकडे बल्बवरून अबोला धरून बसलो असताना तिकडे भिंगरी मैदानावर पडत होती. मला चार वेळा चक्कर आली तेव्हाही मी गप्प बसलो, कारण डॉक्टरकडे गेलो की घरच्यांचं विचारणार आणि मग जिना निघणार, हे मला कुठेतरी ठाऊक होतं.

तुझं पत्र आल्यावर शुक्रवारी संध्याकाळीच डॉक्टरीणबाईंना भेटलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी जुनं लिहिलेलं खोडून नवीन लिहिलं. म्हणाल्या, "आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण असंच झालं असण्याची शक्यता बरीच आहे." मी विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "औषधं होती. बाकी मी सांगू शकत नाही." खोटी समजूत घातली नाही, याचं बरं वाटलं.

या पत्रासोबत वजनच्या हाती आजच बाबांची डायरी पाठवतो आहे. ती माझ्या हत्यारांच्या पेटीच्या तळाशी होती. निळ्या पुठ्ठ्याची, तुला आठवेल, पेन अडकवायला रबर लावलेली. भिंगरीच्या डॉक्टरांना दाखव, त्यांना उपयोग होईल. सात नोंदी आहेत. त्यातल्या दोन वेळा मी बघितल्या; जिन्याची तिसरी वेळ त्यात नाही. म्हणजे पाच वेळा ते एकटेच बसून मोजत होते. अक्षर नेहमीसारखं वळणदार. बिघाड, वेळ, किती आकडे मोजले, आणि सातही ठिकाणी 'आपोआप पूर्ववत'. एका पानावर तो शब्द खोडून पुन्हा लिहिलेला आहे. त्या पानावर मी बराच वेळ अडकलो. त्यांनाही खात्री नव्हती गं.

शेवटचा रकाना सातही ठिकाणी रिकामा आहे.

भिंगरीला सांग, मामाचंही टपावर चढणं सुटलं. मला कंपनीनं खालच्या खोलीत बसवलं आहे, फोन घ्यायला. बाबांना ज्याची धास्ती होती तीच खुर्ची. पहिल्या दिवशी मीही दार लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला की लिफ्ट मध्येच थांबली होती, पण आता चालू झाली आहे, कुणाला पाठवू नका. मी म्हटलं, बाई, पाटी लावा, माणूस निघालाच आहे. तेव्हा जरा बरं वाटलं. तिला पळण्याऐवजी काय हवं ते मला माहीत नाही. ती बोलायला लागली आणि मामाशी बोलायचं म्हणाली तर फोन दे. तू नाही बोललीस तरी चालेल.

आणि एक राहिलं. तुझ्या तीन ओळींत भिंगरीची तपासणी आहे, तुझी नाही. तिला हे आलं ते बाबांकडून, आणि बाबांपासून तिच्यापर्यंत यायला वाट तुझ्यातूनच आहे. गणिताच्या बाईला हे मी सांगायला नको. तुला कधीच काही झालं नाही, वेळ नाही, परीक्षांचे पेपर आहेत, हे सगळं तू म्हणशील. बाबाही असंच म्हणायचे. तुझा ईसीजी अजून काढलेला नाही हे मी ओळखलं आहे, आणि मला ते माहीत असताना मी गप्प बसणार नाही. उद्या, सोमवारी दहापर्यंत तू ईसीजीला भावोजींबरोबर निघाली नाहीस, तर वजन पाटी घेऊन तुझ्या शाळेच्या फाटकात उभा असेल. त्याला तुझ्याकडचं पाणी गोड लागलं म्हणे.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही हे तू या उत्तराला किती गुण देतेस त्यावर ठरव. जे बघितलं ते सगळं लिहिलं, एवढंच मला आज करता येत होतं. बाबांच्या डायरीत सातव्या नोंदीखाली मी आठवी लिहिली आहे, जिन्याची, तारखेसकट. शेरा लिहिला नाही. शेवटचा रकाना भरला आहे, तोच इथेही भरतो.

कळवणाऱ्याचं नाव:
तुझा धाकटा भाऊ